पाणी पडल्यावर उरते ती निळी

[दृश्य: पांढरा कागद. त्यावर निळ्या शाईत लिहिलेली एक ओळ. ड्रॉपरमधून पाण्याचा एक थेंब ओळीच्या मधोमध पडतो. कॅमेरा अगदी जवळ.]

पहिले दोन-तीन क्षण काहीच होत नाही. थेंब भिंगाचं काम करतो, त्याच्याखालची अक्षरं आणखीच मोठी दिसतात. मग अक्षरांच्या कडांपासून निळे धागे सुटायला लागतात. आधी बारीक, मग भराभर. बघता बघता अख्खा थेंब निळा. टीपकागदाने तो उचलला, की खाली फिकट निळा डाग राहतो. मधले दोन शब्द गेले ते गेलेच.

आता हीच परीक्षा दुसऱ्या ओळीची. शाई निळीच, जराशी गडद. थेंबात थोडा रंग उतरतो खरा, पण टीपकागद उचलून पाहा: काना, मात्रा, वेलांटी, सगळं जागच्या जागी. फक्त अक्षर आता निळं राहिलेलं नाही. राखाडी झालंय.

निळी शाई निवडताना आपण ज्या रंगावर भाळतो तो, आणि पाणी पडल्यावर कागदावर उरतो तो, हे बहुतेक वेळा दोन वेगळे रंग असतात. दौतीवरचं लेबल पहिल्या रंगाबद्दल भरभरून बोलतं. आपण आज दुसऱ्याबद्दल बोलू.

[दृश्य: निब आणि फीड, म्हणजे निबेखालचा शाई आणणारा भाग. फीडच्या बारीक खाचेतून शाई सरकताना.]

फाउंटन पेनमध्ये शाई निबेपर्यंत पोहोचते ती केसाएवढ्या खाचेतून. तिथे कण अडकला की पेन बंद. म्हणून या पेनांची बहुतेक शाई म्हणजे पाण्यात पूर्ण विरघळलेला रंजक, आणि त्याला थोडी इतर रसायनांची जोड. रंजकाचा रेणू विरघळावा म्हणून त्याला सल्फोनेटचे गट जोडलेले असतात. त्यांच्यावर ऋण भार असतो. कागदातल्या सेल्युलोजच्या तंतूंवरही थोडा ऋण भारच असतो. म्हणजे दोघांना धरून ठेवणारं फारसं काही नसतं. पाणी सुकतं तेव्हा रंजक तंतूंवर नुसता बसतो, पाणी परत आलं की उठून चालू लागतो. ज्या गुणामुळे शाई पेनातून सुरळीत वाहते, त्याच गुणामुळे ती कागदावरून धुऊन निघते.

रॉयल ब्लू हे याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण. पेलिकनची ४००१ रॉयल ब्लू किंवा लॅमीची साधी निळी घ्या. जांभळ्याकडे किंचित झुकणारा, उजळ, प्रसन्न निळा. यातला निळा रंजक ट्रायअरिलमिथेन कुळातला. या रेणूच्या मध्यभागी एक कार्बन आहे आणि त्याच्या तीन बाजूंना तीन कडी जोडलेली आहेत. सगळा रेणू जवळजवळ सपाट असतो आणि त्या सपाटपणामुळेच इलेक्ट्रॉन त्यात मोकळे फिरतात. निळा रंग दिसतो तो यामुळे.

[दृश्य: इरॅडिकेटर पेन रॉयल ब्लूच्या रेघेवरून फिरतं. रेघ नाहीशी होते.]

युरोपातल्या शाळकरी मुलांच्या कंपासपेटीत हे शाई उडवणारं पेन असतं. ते रंजक कागदावरून काढून टाकत नाही. त्यातलं रसायन मधल्या कार्बनला चिकटतं, रेणूचा सपाटपणा मोडतो आणि रंग दिसेनासा होतो. रेणू मात्र तिथेच राहतो. आम्ल लागलं तर निळी रेघ परतही येऊ शकते. मला हे रसायन फार देखणं वाटतं: मजकूर कागदावर आहे आणि तरी दिसत नाही.

त्यामुळे रॉयल ब्लूला कच्ची शाई म्हणून हिणवू नये. ती सदऱ्यावरून निघावी, पेनमधून निघावी, चूक खोडता यावी, यासाठीच बनवलेली आहे. रोजच्या टिपणांसाठी आणि नव्याने पेन हाती घेणाऱ्यासाठी तिच्याइतकी निर्धोक शाई दुसरी नाही. पण पन्नास वर्षांनी कुणी वाचावं असं पत्र तिच्यात लिहू नका. पाणी तिला पुसतं आणि ऊनही तिला उडवतं.

लेबलवरच्या ‘पर्मनंट’ या शब्दावर मात्र विसंबू नका. पार्करची क्विंक ही शाई १९३१ साली आली, तिच्यात वॉशेबल आणि पर्मनंट असे दोन प्रकार असत. पर्मनंट म्हणजे कपड्यावरचा डाग सहज निघणार नाही, अक्षर लवकर विटणार नाही. ओल्या कागदावर ते जसंच्या तसं राहील, असा तो कौल नव्हता.

उजेडात टिकणं आणि पाण्यात टिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मोरपिशी शायांवरून चटकन कळतं. त्यांतला थॅलोसायनिन हा तांब्याचा अणू पोटात धरलेला निळा. १९२८ मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्रेंजमथच्या कारखान्यात त्याचा लोह असलेला भाऊबंद योगायोगाने नजरेस पडला. हा तांब्याचा निळा उन्हात कमालीचा टिकतो. छपाईतला आकाशी निळा हाच. पण पेनसाठी त्याला विद्राव्य केलं की पाण्यापुढे त्याचीही पकड ढिली पडते.

आणि चमकणाऱ्या निळ्या? गुळगुळीत कागदावर लाल झळाळी दाखवणाऱ्या? ती झळाळी म्हणजे कागदात न मुरता वरच साचलेला रंजकाचा थर. ऑरगॅनिक्स स्टुडिओची नायट्रोजन ही शाई या बाबतीत प्रसिद्ध आहे. वाळल्यानंतर कित्येक दिवसांनीही दमट बोट लागलं की फिसकटते. झळाळी आणि पाण्याला टिकणं एकाच शाईत शोधू नका.

[दृश्य: लाकडी मेजावर वाळलेली मायफळं. शेजारी हिराकसाचे हिरवट खडे.]

आता त्या दुसऱ्या, राखाडी होऊन उरलेल्या ओळीकडे येऊ. ती आयर्न गॉल शाईची. ओकच्या झाडावर एक चिमुकली गांधीलमाशी अंडी घालते, तिथे झाडाच्या पेशी फुगून गाठ तयार होते. ती गाठ म्हणजे मायफळ. त्यात टॅनिन ठासून भरलेलं असतं. मायफळाच्या काढ्यात हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, घातलं की शाई तयार. युरोपात कित्येक शतकं दस्तऐवज याच शाईत लिहिले गेले.

खरी गंमत कागदावर घडते. ताज्या शाईतलं लोहाचं संयुग विरघळलेलं असतं आणि त्याला रंग जवळजवळ नसतो. कागदात मुरल्यावर हवेतला ऑक्सिजन त्याला गाठतो, लोहाच्या फेरस रूपाचं फेरिक होतं, आणि काळं, न विरघळणारं संयुग थेट तंतूंच्या आत तयार होतं. पेनमध्ये द्रव, कागदात घन. विरघळण्याचा तो जुना पेच इथे मुळातच सुटतो.

अडचण एकच: लिहिताना अक्षर दिसत नाही. म्हणून त्यात निळा रंग घालू लागले. लंडनचे डॉक्टर हेन्री स्टीफन्स यांनी १८३२ मध्ये शाईचा व्यवसाय सुरू केला आणि त्यांची निळी लिहून काळी होणारी, म्हणजे ब्लू-ब्लॅक, शाई गाजली. ड्रेस्डेनच्या ऑगस्ट लिओनहार्डींनी १८५६ मध्ये आपल्या शाईत नीळ वापरली. ब्लू-ब्लॅकमधला निळा आला तो असा, काळा येईपर्यंतची सोय म्हणून. पाणी पडतं तेव्हा हा सोयीचा निळा निघून जातो, खालचं लोह राहतं.

[दृश्य: रोरर अँड क्लिंगनरच्या सालिक्स शाईने ओढलेली रेघ, वेगवान चित्रीकरणात. ओली रेघ उजळ निळी. वाळता वाळता करडी. दुसऱ्या दिवशी गडद.]

ही रेघ ओली असताना आभाळासारखी निळी असते आणि डोळ्यांदेखत करडी होत जाते. प्लॅटिनमची ब्लू-ब्लॅक, डायमाइनची रजिस्ट्रार्स इंक याच कुळातल्या. अक्षर अगदी पुसट झालं, तरी अतिनील दिव्याखाली लोह गडद दिसतं आणि मजकूर वाचता येतो. माझ्या लेखी जपून ठेवायच्या कागदासाठी हीच निळी. पण ती आम्लधर्मी आहे; जुन्या हस्तलिखितांना तिने भोकं पाडली आहेत. आजच्या शाया बऱ्याच सौम्य आहेत, तरी साध्या पोलादी निबेत त्या महिनोन्‌महिने ठेवू नयेत. आत पुटं चढलीच, तर क जीवनसत्त्वाचं सौम्य द्रावण उपयोगी पडतं, कारण ते फेरिकला परत विद्राव्य फेरस करतं.

ब्लू-ब्लॅक म्हटलं की लोह असेलच, असंही नाही. पायलटच्या ब्लू-ब्लॅकमध्ये ते नाही, तरी पाण्यानंतर तिची रेघ निळीच आणि वाचण्याजोगी राहते.

रंग न बदलता टिकणारी निळी हवी असेल, तर पिगमेंटच्या शाया आहेत: सेलरची सेइबोकू, प्लॅटिनमची पिगमेंट ब्लू. यांत रंग विरघळलेला नसतो, अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. एकदा तंतूंत बसले की बसले. चित्रकार यांच्यावर जलरंगाचा हात निर्धास्त फिरवतात. अट एवढीच, की पेन रोज चालतं हवं. कण पेनमध्ये वाळले तर तेही उठत नाहीत. नूडलर्सच्या काही शायांनी तिसरा मार्ग धरलाय: त्यांचा रंग थेट सेल्युलोजला बांधला जातो. पण जो रंग तंतूपर्यंत पोहोचलाच नाही, तो वरून पुसला जातो.

म्हणूनच कागद निम्मं काम करतो. शोषून घेणाऱ्या कागदात शाई खोल जाते आणि जास्त टिकते, भले कडा फुटोत. गुळगुळीत, खळ दिलेल्या कागदावर अक्षर रेखीव येतं, पण रंग वरच राहतो.

[दृश्य: टीपकागदाची पट्टी उभी धरलेली, खालचं टोक पाण्यात. शाईच्या ठिपक्यातून रंग वर चढतात.]

घरी पारखायचं तर तुमच्याच वहीच्या कागदावर शाईच्या उभ्या-आडव्या रेघा मारा आणि एक अख्खा दिवस वाळू द्या. आयर्न गॉलला आठवडा दिला तर उत्तम. मग एका कोपऱ्यावर थेंब ठेवा, दुसरा कोपरा तासभर पाण्यात बुडवा, तिसऱ्यावर ओलं बोट फिरवा. शाईचा एक ठिपका टीपकागदाच्या पट्टीवरही द्या. तो सुकल्यावर पट्टीचं टोक पाण्यात धरा: आकाशी सरसर वर जाईल, जांभळा मागे रेंगाळेल. जो रंग ठिपक्याच्या जागेवरून हलत नाही, पाणी पडल्यावर तुमच्या पानावरही बहुतेक तोच दिसणार आहे.

आणि शाई बदलताना पेन पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. काही निळ्या अल्कधर्मी असतात, आयर्न गॉल आम्लधर्मी. दोघी फीडमध्ये भेटल्या की साका धरतो, आणि तो काढायला पेन खोलावं लागतं.