उभी राहिलेली रेघ

(दृश्य : सतरंजीवर बसलेली बालवर्गातली मुलं. मधोमध कागदाच्या रंगीत पट्ट्यांचा ढीग.)

बालवर्गात रेघ येते ती बहुतेक वेळा पाटीवर. उभी रेघ, आडवी रेघ, तिरकी रेघ, अर्धगोल. आणि श्वास घ्यायच्या आत 'ग' गिरवायला सुरुवात. पेन्सिल अजून नीट धरवत नाही, त्यात रेघ सरळच हवी. एवढी घाई कशाला, कुणास ठाऊक! आज मात्र पेन्सिली डब्यात आहेत. रेघा करायच्या त्या कागदाच्या पट्ट्यांच्या, तळावर उभ्या राहणाऱ्या.

साहित्य साधंच. तळाला जाड कार्डशीट, बोटभर रुंदीच्या पट्ट्या आणि फेविकॉल. जुन्या लग्नपत्रिका कापल्या तरी चालतं. पट्टीची दोन्ही टोकं नखभर दुमडली की झाले तिचे पाय. पायांना फेविकॉल लावायचा, तळावर ठेवायचे आणि वीस आकडे म्हणेपर्यंत दाबून धरायचे. बारावरच हात सोडला की पूल आडवा!

(दृश्य : पट्टीची कमान, जवळून.)

"बाई, माझी रेघ उभी राहिली!"

शेजारच्याने पुढेमागे घड्या घालून जिना केलाय. कुणी पट्टी पेन्सिलीवर गुंडाळून सोडतंय. एकीची छान वळते, दुसऱ्याची मोडते. दोष हाताचा नाही. यंत्रावर कागद तयार होताना त्यातले बरेचसे तंतू एकाच दिशेने बसतात. त्या दिशेने लांब कापलेली पट्टी ताठ राहते, आडवी कापलेली सहज वळते. बाईंनी दोन्ही तऱ्हेच्या कापल्यात. कुठली कशाला घ्यायची, ते मुलं चाचपून ठरवतात.

जर्मनीत किंडरगार्टनचे, म्हणजे बालवाडीचे, जनक फ्रेडरिक फ्रोबेल यांनी १८३७ साली बाड ब्लांकेनबुर्गमध्ये लहान मुलांसाठी काम सुरू केलं. त्यांच्या साहित्याचा क्रम बघण्यासारखा आहे. आधी चेंडू आणि ठोकळे, मग सपाट तुकडे, त्यानंतर काड्या आणि कड्या. म्हणजे रेघ आली ती हातात धरायची वस्तू म्हणूनच. कागदाच्या पट्ट्या विणणंही त्यांच्या शिक्षणात होतं. आपल्याकडे १९४५ मध्ये बोर्डी या गावी बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी ग्रामीण बालशिक्षणाचं काम उभारलं, तेही परिसरात मिळणाऱ्या वस्तू हाताशी धरून.

(दृश्य : बाई मुलांशेजारी मांडी घालून.)

'काय केलंस?' असं विचारलं की मूल 'घर' म्हणून मोकळं होतं. बाई विचारतात, "तुझी रेघ कुठून निघाली? कुणाच्या खालून गेली? परत जमिनीवर कुठे टेकली?" मग बोट पट्टीवरून फिरू लागतं. वरून, खालून, मधून, भोवतीने.

आता मुलांना उभं राहून वरून बघायला सांगितलंय. बाजूने वाकडी दिसणारी कमान वरून चक्क सरळ!

"सरळ आहे."

"नाही, वाकडी आहे. खाली बसून बघ ना!"

बाई निकाल देत नाहीत. दोघांना जागा बदलायला सांगतात.