काट्यापासून कचेरीपर्यंत दोन तारा

(दृश्य : जिनिंगचे फाटक, कापसाच्या गाड्या, काट्याच्या खोलीतला फोन)

हंगाम भरात आला की यवतमाळ जिल्ह्यातील या जिनिंगच्या फाटकापासून काट्यापर्यंत कापसाच्या गाड्यांची रांग लागते. काट्यावरचा माणूस ग्रेडरशी, ग्रेडर दिवाणजींशी आणि दिवाणजी प्रेसघराशी दिवसभर फोनवर बोलत असतात. मात्र हे बोलणे आवाराबाहेर जातच नसल्यामुळे त्याचे बिल येत नाही. आतल्या अशा प्रत्येक फोनला एक्स्टेंशन म्हणतात, दूरध्वनी कंपनीकडून येणाऱ्या लाइनला ट्रंक म्हणतात, आणि या दोहोंची गाठ घालून देणारी, कचेरीच्या भिंतीवरची ही पेटी म्हणजे ईपीएबीएक्स. सगळेच जण एकाच वेळी बाहेर बोलत नाहीत, म्हणून २४ एक्स्टेंशनांना येथे ४ ट्रंक पुरतात.

(दृश्य : टॅग ब्लॉक, रंगीत तारा, तंत्रज्ञाचे हात)

पेटीशेजारच्या या फळीकडे सहसा कोणी पाहत नाही; खरे कसब मात्र येथेच आहे. २५ जोड्यांच्या या केबलमधील एकाही तारेवर आकडा छापलेला नाही, तरीही तंत्रज्ञ हवी ती जोडी चटकन उचलतो. पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा या पाच रंगांपैकी प्रत्येकाशी निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी आणि राखाडी क्रमाने जुळवले की २५ जोड्या होतात. म्हणून पांढरी-निळी पहिली, लाल-निळी सहावी, आणि काट्यावर जाणारी ही काळी-नारिंगी बारावी. तार सोलावी लागत नाही. पंचिंग टूलने ती खाचेत दाबली की खाचेतील धातूचे पातेच आवरण कापून तांब्याला घट्ट धरते.

फळीवर बसवलेले हे छोटे संरक्षक आकाशातील वीज जवळपास पडल्यावर तारेवर चढलेला दाब जमिनीत उतरवतात, परंतु त्यासाठी अर्थिंग चांगले हवे. अर्थिंगच्या खड्ड्याकडे मृगाआधी एकदा लक्ष देण्याचा शिरस्ता या आवारात अजून टिकून आहे, ही समाधानाची गोष्ट आहे.

(दृश्य : रिसीव्हर उचलणारा हात, बटणे)

रिसीव्हर ठेवलेला असतो तेव्हा या जोडीवर सुमारे ४८ व्होल्टचा दाब असतो. तो उचलताच मंडल पूर्ण होऊन प्रवाह वाहू लागतो, पेटीला त्याची चाहूल लागते आणि कानात डायल टोन येतो. ५ हे बटण दाबले की ७७० आणि १३३६ हर्ट्झचे दोन स्वर एकत्र निघतात आणि त्यांच्या जोडीवरून पेटी आकडा ओळखते. फ्लॅशचे बटण ही लाइन क्षणभरच तोडते. त्यामुळे आलेला फोन होल्डवर जातो आणि दुसरे एक्स्टेंशन लावून तो तिकडे सोपवता येतो. नवखा माणूस फ्लॅशऐवजी रिसीव्हरखालचा हुक दाबून धरतो आणि व्यापाऱ्याचा फोन तुटतो.

एक लाइन व्यग्र असल्यास फोन आपोआप पुढच्या लाइनवर नेणे म्हणजे हंटिंग, शेजारच्या टेबलावर वाजणारा फोन आपल्या जागेवरून घेणे म्हणजे पिकअप, आणि ध्वनिमुद्रित स्वागत ऐकवून थेट एक्स्टेंशनचा आकडा दाबू देणारी सोय म्हणजे डिसा.

(दृश्य : कचेरीतील पंखा, उन्हात तापलेले पत्र्याचे छत)

१९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेने वातानुकूलनाशिवाय चालणारे १२८ पोर्टचे, म्हणजे १२८ जोडण्यांचे, ग्रामीण एक्स्चेंज घडवले आणि १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे ते सुरू झाले. विदर्भातील उन्हाळा सोसलेल्या कोणालाही त्या एका अटीचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

मोबाइल आल्यावर येथील ऑपरेटरची जागा भरली गेली नाही आणि ट्रंकही कमी झाल्या.

(दृश्य : नव्या आयपी फोनचे खोके, काट्याची खोली)

हंगाम संपल्यावर आयपी यंत्रणा बसणार आहे. तिच्यात आवाज संगणकाच्या जाळ्यातून जातो, प्रत्येक फोनला त्याच केबलमधून वीज मिळते, आणि वीज गेल्यावर हे जाळे चालवणाऱ्या स्विच व राउटर या दोन उपकरणांना यूपीएसचा आधार लागतो. जुन्या पेटीत वीज गेली की एक ट्रंक आपोआप थेट काट्याच्या फोनला जोडली जाते. निदान ही ट्रंक आणि ती बारावी जोडी तशीच ठेवावी, असा दिवाणजींचा आग्रह आहे, आणि तो रास्त आहे.