ताब्लेआ : चॉकलेटची ही वडी शिजवायची असते

काळसर, तेलकट, जेमतेम दोन बोटं रुंद चकती. वास चॉकलेटचाच. पण तुकडा तोंडात टाकलात तर कडूजहर लागेल, दाताखाली रवाळ येईल. फिलिपिन्समध्ये हिला ताब्लेआ म्हणतात. तिथे ती नुसती खात नाहीत, शिजवतात.

कोको मूळचा इथला नव्हे. मेक्सिकोच्या अकापुल्को बंदरातून मनिलाला येणाऱ्या स्पॅनिश जहाजांबरोबर तो सतराव्या शतकात इथे पोचला आणि घरोघरच्या परसात रुजला.

बिया आंबवतात, उन्हात वाळवतात, मग कढईत भाजतात. टरफलं तडकू लागली की उतरवून सोलायच्या. आता दळण नीट बघा. पीठ पडतच नाही! बीमध्ये निम्म्याच्या आसपास स्निग्धांश असतो. घर्षणाच्या उष्णतेनं तो वितळतो आणि चक्कीतून चकचकीत काळा लगदा ओघळतो. तो ऊन असतानाच चकत्या पाडायच्या. निवल्या की कडक होतात. कारखान्यातल्यासारखं तासन् तास घोटणं इथे नाही, म्हणून रवाळपणा राहतो. त्याला दोष म्हणणं मला पटत नाही. बीची खरी चव त्यातच आहे.

चकत्या उकळत्या पाण्यात विरघळल्या की बातिरोल हातात घ्यायचं. ही लाकडी रवी, आपल्या ताकाच्या लहान रवीसारखी दोन तळव्यांत फिरवायची. फेस चढतो, वर कोकोच्या तुपाचे थेंब तरंगतात. फिलिपिन्सच्या सेबू बेटावर या पेयाला सिक्वाते म्हणतात. सोबत पुतो माया, म्हणजे नारळाचं दूध आणि आलं घालून वाफवलेला चिकट तांदूळ, आणि पिकलेला आंबा. नाताळाआधी, 16 ते 24 डिसेंबर, चर्चमधल्या पहाटेच्या मिस्साहून, म्हणजे सामूहिक उपासनेहून, परतलेल्यांनाही हेच गरम चॉकलेट हवं असतं.

ते दाट की पातळ, यावरून पाहुण्याचा मान ठरे. फिलिपिनो लेखक होसे रिझाल यांच्या 1887 सालच्या ‘नोली मे तांगेरे’ कादंबरीत एका पाद्र्याची गोष्ट येते. तो नोकराला फक्त खूण करी: मानाच्या पाहुण्याला दाट, इतरांना पाणचट.

पावसाळी सकाळचा पदार्थ मात्र चांपोरादो. मेक्सिकोत हे मक्याच्या पिठाचं दाट पेय. इथे मक्याच्या जागी चिकट तांदूळ आला. तांदूळ मऊ शिजला की ताब्लेआ आणि साखर घालून ढवळत राहायचं, नाहीतर तळाला लागतं. वाढताना वरून दुधाची धार. आणि बाजूला तुयो, खारवून वाळवलेला छोटा मासा, तेलात कुरकुरीत तळलेला. एक घास गोड, एक खारट. हा मेळ ऐकून नाक मुरडू नका. कडू कोकोला तो खारेपणा खरोखर खुलवतो.