सातबारा बघता तसं सिबिलही काढून बघा

(सांगलीत विश्रामबागला ज्येष्ठ नागरिक आणि बचतगटाच्या महिलांसमोर झालेलं बोलणं, लिहून काढताना थोडं नीट केलेलं.)

नमस्कार मंडळी. सुरुवातीला एकच विचारतो, ज्यांची शेती आहे त्यांनी वर्षभरात सातबारा काढला असेल तर हात वर करा. बघा, जवळजवळ सगळे. पीककर्जाला लागतो, विम्याला लागतो म्हणून आपण तो काढतो, पण हातात आला की नजर पहिली कुठं जाते? इतर हक्काच्या रकान्यात. कुणाचा बोजा चढलाय का, कुणाचं नाव घुसलंय का, ते आपण उभ्या उभ्या बघतो. आता सांगा, स्वतःचा सिबिल रिपोर्ट, म्हणजे आपल्या नावावर कुठली कर्जं आहेत आणि ती कशी फेडली याचा उतारा, किती जणांनी काढलाय? नुसता स्कोअर नाही, पूर्ण रिपोर्ट. तीन-चार हात दिसतायत, त्यातले दोन माझ्या जुन्या सहकाऱ्यांचे.

मी बँकेत कर्ज विभागात होतो आणि आता रिटायर झाल्यावरही लोक कागद घेऊन घरी येतात, म्हणून कळकळीनं सांगतोय, जमिनीवर चढतो तसा बोजा तुमच्या नावावरही चढतो, तुम्ही सही न करता, बँकेची पायरी न चढता. आणि तोही एका उताऱ्यावर स्पष्ट लिहिलेला असतो. आपण तो उतारा काढतच नाही.

तासगाव बाजूचे एक द्राक्षबागायतदार आले होते. बेदाण्याच्या शेडसाठी कर्ज हवं होतं, जमीन चांगली, व्यवहार चांगला, सोसायटीचं पीककर्ज दरवर्षी जूनच्या आत भरणारा माणूस, आणि बँक म्हणते तुमचं सिबिल खराब आहे. रिपोर्ट काढला तर त्यात मोबाईल ॲपवरून घेतलेली पाच छोटी कर्जं, कुठलं दोन हजारांचं कुठलं आठ हजारांचं, सगळी थकलेली, आणि पत्त्याच्या खाली एक परराज्यातला पत्ता आणि भलताच मोबाईल नंबर. या माणसानं आयुष्यात कधी ॲपवरून कर्ज घेतलेलं नाही. पॅन नंबर, जन्मतारीख, आधारची झेरॉक्स एवढं कुणाच्या तरी हाती लागलं होतं. वर्ष दीड वर्ष ही कर्जं त्यांच्या नावावर पडून होती आणि त्यांना पत्ता नव्हता, कळलं ते गरजेच्या दिवशी, बँकेच्या टेबलासमोर.

कागद बाहेर जातो कसा, हे तुम्ही सगळे रोज बघता. सायबर कॅफेत ई-आधार डाउनलोड केलं, प्रिंट घेतली, निघून आलो, फाईल त्या कॉम्प्युटरवर तशीच. त्या फाईलला पासवर्ड असतो म्हणून निर्धास्त राहू नका, तो पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्माचं साल, आणि आधार काढून देणाऱ्या पोराला या दोन्ही गोष्टी माहीत असतात. झेरॉक्सवाल्याला व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो त्याच्या फोनमध्ये राहतो. लॉजवर, सिमच्या छत्रीखाली, हप्त्यावर टीव्ही घेताना, नोकरीच्या फॉर्मबरोबर, सगळीकडे आपण कागद देत सुटतो. तेव्हा दुकानात असाल तर तुमच्या देखत फाईल डिलीट करायला लावा, रिसायकल बिनमधूनसुद्धा. झेरॉक्सवर आडवं लिहा, कुणाला दिली, कशासाठी, तारीख, आणि ते लिहिलेलं छापील मजकुरावरून गेलं पाहिजे, कोपऱ्यात लिहिलं तर कापून टाकतात. जिथं फक्त ओळख दाखवायची आहे तिथं मास्क्ड आधार द्या, त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात, शेवटचे चारच दिसतात, आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, यूआयडीएआयच्या वेबसाइटवरून ते फुकट निघतं.

आता अंगठ्याचं बोलतो, कारण इथं बायका जास्त आहेत आणि गावाकडं मिनी बँकेतून अंगठा लावून पैसे काढणाऱ्या बऱ्याच जणी असतील. या आधारच्या व्यवहाराला ओटीपी लागत नाही. बँकेचं नाव, आधार नंबर आणि बोटाचा ठसा, झालं. हैदराबाद, बेंगळुरू अशा ठिकाणी पोलिसांना सापडलेल्या प्रकरणांत जमिनीच्या नोंदणी दस्तावरचे ठसे उचलून त्याची नकली बोटं बनवली होती आणि त्यावर लोकांच्या खात्यातून पैसे काढले होते. आपण पासवर्ड बदलू शकतो, बोट बदलता येत नाही. म्हणून आधारचं बायोमेट्रिक लॉक करता येतं, एमआधार ॲपवर किंवा वेबसाइटवर, आणि हवं तेव्हा तात्पुरतं उघडता येतं. पण एक नीट ऐका, लॉक असताना रेशन दुकानात मशीनवर अंगठा चालणार नाही, पेन्शनचा हयातीचा दाखलाही बोटावर होणार नाही. तेव्हा घरी जाऊन सासूबाईंचं परस्पर लॉक करून टाकू नका, त्यांना समजावून सांगा, रेशनच्या दिवशी उघडायचं कसं ते घरात निदान एकाला तरी आलं पाहिजे. आणि त्याच ॲपवर किंवा वेबसाइटवर मागच्या सहा महिन्यांत तुमचं आधार कुठं कुठं वापरलं गेलं त्याची यादीपण दिसते, ती बघा.

सिमचं थोडक्यात. एका माणसाच्या नावावर आपल्याकडे जास्तीत जास्त नऊ सिम चालतात. संचार साथी म्हणून दूरसंचार विभागाचं पोर्टल आहे, २०२३ ला सुरू झालं, तिथं मोबाईल नंबर टाकला की तुमच्या नावावर किती नंबर चालू आहेत ते दिसतं, जो तुमचा नाही त्यावर तिथंच तक्रार टाकता येते. आणि फोनची रेंज अचानक गेली, शेजारच्याची त्याच कंपनीची चालू आहे, तर बिल भरायचं राहिलं असेल म्हणून संध्याकाळपर्यंत थांबू नका, लगेच कंपनीला आणि बँकेला फोन करा. तुमचा नंबर दुसऱ्याच्या सिमवर गेला असेल तर सगळे ओटीपी तिकडं जातायत.

आता मूळ मुद्दा, रिपोर्ट. देशात हा हिशोब ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत, ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. आपण सगळ्यालाच सिबिल म्हणतो. १ जानेवारी २०१७ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानं या प्रत्येकीनं वर्षातून एकदा तुम्हाला पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा आहे. म्हणजे चार कंपन्या, चार रिपोर्ट. मी लोकांना सांगतो सगळे एकदम काढू नका, तीन तीन महिन्यांनी एकेक काढा, वर्षभर नजर राहते आणि रुपया लागत नाही. फक्त कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरून काढा, "फ्री सिबिल" म्हणून लिंक पाठवणाऱ्या कुणाकडून नको, तिथं परत पॅन आणि मोबाईल देऊन बसाल. आणि स्वतःचा रिपोर्ट स्वतः बघितल्यानं स्कोअर कमी होत नाही, कमी होतो हा गैरसमज फार पसरलाय.

रिपोर्ट आला की स्कोअर बघून ठेवून देऊ नका. स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो, ७८० आला की लोक खूश होतात आणि बंद करतात. आधी पत्ते आणि मोबाईल नंबर बघा, अनोळखी असेल तर तिथंच थांबायचं. हे का, तर आता कुठलीही बँक तुमचा रिपोर्ट बघते तेव्हा या कंपन्यांनी तुम्हाला मेसेज किंवा मेल करायचा असतो, पण तो जातो रेकॉर्डवर असलेल्या नंबरला, आणि तिथं जुना बंद पडलेला नंबर असेल किंवा चोरानं स्वतःचा घुसवला असेल तर तो मेसेज तुमच्यापर्यंत येतच नाही. मग खाती बघा, एकेक, बंद झालेलीसुद्धा. मग इन्क्वायरी बघा, म्हणजे तुमच्या नावानं कर्ज मागायला कोण कोण आलं होतं. कर्ज मिळालं नसेल तरी मागणी दिसते, एकाच आठवड्यात चार अनोळखी फायनान्स कंपन्यांची चौकशी दिसली तर कुणीतरी तुमचा पॅन घेऊन दारोदार फिरतंय.

अमेरिकेत याला एक सोय आहे. तिथं २०१७ ला इक्विफॅक्समधून साधारण १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरीला गेली, फार आरडाओरड झाली, आणि सप्टेंबर २०१८ पासून तिथल्या कायद्यानं प्रत्येकाला आपला रिपोर्ट फुकट गोठवून ठेवता येतो, तो गोठवलेला असला की नवीन कर्ज द्यायला कुणी बघूच शकत नाही. आपल्याकडे असा कायद्यानं दिलेला हक्क नाही. तो मिळाला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे, आपण आपल्या खासदारांना हे विचारलं पाहिजे. तोवर आपली नजर हेच आपलं कुलूप.

खोटं कर्ज सापडलं तर काय करायचं? पहिलं म्हणजे ते भरायचं नाही. हे मी दोनदा सांगतो, भरायचं नाही. वसुलीवाला म्हणेल काका दोन हजारांचा विषय आहे, पाचशे टाका, मिटवून टाकू. टाकलेत की कर्ज तुमचंच होतं असं तुम्ही मान्य केल्यासारखं होतं आणि रिपोर्टवर सेटल्ड, म्हणजे पूर्ण न भरता तडजोडीनं मिटवलेलं, असा शिक्का बसतो, तो पुढच्या बँकेला खुपतो. वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, शिव्या धमक्या तर कधीच चालत नाहीत, नंबर आणि वेळ लिहून ठेवा, जमलं तर रेकॉर्ड करा. मग त्या कर्ज देणाऱ्या कंपनीला लेखी विचारा, या कर्जाला कुठले कागद लावले, फोटो कुणाचा, आणि पैसे कुठल्या खात्यात गेले. हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. डिजिटल कर्जाच्या नियमांप्रमाणे २०२२ पासून रक्कम साधारणपणे थेट कर्जदाराच्या बँक खात्यातच जायला पाहिजे, आणि ते खातं तुमचं नसेल तर तुमची बाजू तिथंच भक्कम झाली. त्याबरोबर सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार, आयटी कायद्याचं कलम ६६ सी हे दुसऱ्याची ओळख चोरून वापरण्याबद्दलच आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आणि ज्या कंपनीच्या रिपोर्टवर ते दिसतंय तिथं ऑनलाइन डिस्प्यूट, म्हणजे हरकत, टाका, त्याला फी नसते. ३० दिवसांत त्यांनी निकाल लावायचा असतो, नाही लावला तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये तुम्हाला भरपाई, हा ऑक्टोबर २०२३ चा नियम आहे, बँकेतल्या माणसालाही कधी कधी माहीत नसतो, तुम्ही सांगा. तरी ऐकलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार, तीही मोफत.

खात्यातून पैसेच गेले असतील तर मात्र आधी १९३०, ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात पळत असतात, जितक्या लवकर फोन कराल तितके वाटेत अडवता येतात. मग बँक. २०१७ चा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, तुमची चूक नसताना बाहेरच्या कुणी व्यवहार केला आणि बँकेचा मेसेज आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत तुम्ही कळवलं तर तुमचा तोटा शून्य. सहकारी बँकांनाही त्याच वर्षी असाच नियम लागू झाला, त्यामुळं आमची बँक छोटी आहे हे कारण ऐकून घेऊ नका. आणि तुम्ही स्वतः ओटीपी सांगितला असेल तरीसुद्धा कळवा, कळवेपर्यंत जे गेलं ते तुमचं नुकसान, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं.

इथं मला थोडं थांबायचंय. माझ्याकडे येणाऱ्यांतले निम्मे लोक उशिरा येतात ते लाजेपायी. पोरगा ओरडेल म्हणून आई दोन दिवस बोलत नाही, सून काय म्हणेल म्हणून सासरे बोलत नाहीत, शिकलेला प्राध्यापक माणूस बोलत नाही कारण लोक हसतील. अहो चोरी चोरानं केली, तुम्ही नाही. घरातल्या तरुणांना माझी हात जोडून विनंती आहे, आईनं सांगितलं की आधी १९३० ला फोन लावा, बोलणं नंतर. तुम्ही एकदा रागावलात तर पुढच्या वेळी ती तुम्हाला सांगणारच नाही.

प्रश्न आलाय, पतसंस्थेला जामीन राहिलो होतो ते यात दिसतं का. बँकेचं कर्ज असेल तर जामीनदार म्हणूनही नोंद दिसते. पतसंस्थेचं सांगता येत नाही, सगळ्या पतसंस्था या कंपन्यांना माहिती देत नाहीत. आपल्या जिल्ह्यात जामीनकीच्या सह्या किती सहज होतात ते मी वेगळं सांगायला नको, आणि एका कर्जाला दिलेले कागद दुसऱ्या कर्जाला जोडल्याचं सहकार कायद्याच्या कलम १०१ च्या वसुलीच्या नोटिसीनंतर कळलेली माणसं मी बघितलीत. जिथं जिथं सही केली असेल तिथं जाऊन लेखी विचारा, माझ्या नावावर कर्जदार आणि जामीनदार म्हणून काय काय आहे, पोच घ्या. उत्तर नाही दिलं तर सहकारी संस्थांच्या सहाय्यक निबंधकाकडे अर्ज करा.

मागून ताईंनी विचारलं, मालक वारले, त्यांच्या कागदांचं काय. मृत माणसाचा पॅनही वापरला जातो. शेवटचं रिटर्न आणि येणी-देणी पूर्ण झाली की पॅन आयकर खात्याला परत करा, सिम बंद करा किंवा रीतसर नावावर करून घ्या, बँकेला दाखला द्या, आणि माय आधार या यूआयडीएआयच्या पोर्टलवर आता कुटुंबातला मृत्यू नोंदवायची सोय आहे, ती करा. मूळ कागद घरात ठेवा पण झेरॉक्सचे गठ्ठे रद्दीत घालू नका, फाडून टाका.

आता तिकडं टेबलावर पोरं बसलीत, ज्यांनी पॅन आणि फोन आणलाय त्यांचा पहिला रिपोर्ट आजच काढून घेऊ. ज्यांचं ईमेल नाही त्यांचं आधी उघडू. ओटीपी आला की स्वतः टाका, पोरांना सांगायचा नाही.