मागून येणारा बाण

नमस्कार श्रोतेहो.

आज विषय संगणकावरच्या खेळांत खेळाडूला मिळणाऱ्या इशाऱ्यांचा आहे, पण सुरुवात मातीच्या मैदानावरून करते. हा विषय मला कळला तो त्या मैदानामुळेच.

खो-खोत खो कसा द्यायचा, आठवतंय? मागून द्यायचा. पाठीला हात लागला पाहिजे आणि त्याच वेळी "खो" हा शब्द मोठ्याने उच्चारला पाहिजे. नुसता हात लावला किंवा तोंडातल्या तोंडात पुटपुटलं, तर पंच फाउल देतात. या खेळाला नियमात बसवण्याचं काम आपल्या पुण्यातच सुरू झालं. १९१४ मध्ये डेक्कन जिमखान्याने त्यासाठी समिती नेमली होती. तेव्हापासून घडत आलेल्या या नियमांत पळणाऱ्यासाठी एक इशारा बांधून ठेवलेला आहे. बसलेल्यांपैकी आता कोण उठणार, हे त्याला त्या एका शब्दावरून कळतं. बाकीचं, म्हणजे हुलकावणी, सूर, खांबावरून घेतलेलं वळण, त्याचं त्याने ओळखायचं.

मी सातवीत असताना एका आंतरशालेय सामन्यात पाठलाग करत होते. समोरच्या मुलीला मी खो देण्याची हूल दाखवली आणि खो न देता तशीच पुढे गेले. ती फसली होती, माझ्याकडे तिची पाठ होती, हातभर अंतर राहिलं होतं. तेवढ्यात दोरीबाहेरून तिची मैत्रीण ओरडली, "अगं, पुढेच येतीय ती!" मुलगी सटकली. पंचांनी काही म्हटलं नाही. प्रेक्षक ओरडतातच, त्याला कोण काय करणार! पण ती हूल मी तीन आठवडे रोज संध्याकाळी घोटली होती. एका ओरडण्याने तिची किंमत शून्य झाली, हे मला त्या वयातही कळलं.

आता थेट मागच्या महिन्यात येऊ. दर रविवारी दुपारी माझा भाचा कर्वेनगरला आमच्याकडे येतो. जेवणाच्या टेबलावर दोघांचे लॅपटॉप शेजारी शेजारी लागतात आणि आम्ही द एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन खेळतो. २०१४ साली आलेला खेळ आहे. त्यात सिरोडिल नावाचं अफाट रणांगण आहे, तीन पक्ष आहेत, किल्ले घ्यायचे आणि राखायचे. भाचा एका पक्षात, मी दुसऱ्या. माझं पात्र नाइटब्लेड, म्हणजे सावलीत वावरणारं, आणि हातात धनुष्य. वाकून, दबकत चालायचं. पडद्याच्या मधोमध एक डोळा दिसतो. तो मिटलेला असला की समजायचं, आपण कुणालाच दिसत नाही.

त्या दुपारी किल्ल्याच्या मागच्या चढावरून मी सात-आठ मिनिटं सरपटत होते. भाच्याचं पात्र तटाखाली उभं, माझ्याकडे पाठ. डोळा मिटलेला. मी दोरी ताणली. हा बाण सुटायला एखादा सेकंद जातो. त्या सेकंदातच शेजारच्या लॅपटॉपवर लाल अक्षरं झळकली, टण्ण असा आवाज झाला आणि बाण सुटायच्या आत त्याच्या पात्राने कोलांटी घेतली.

"कसं रे कळलं तुला?"

"ॲडऑन आहे, मावशी. मागून कुणी नेम धरला की सांगतो."

त्याने काही चोरून केलेलं नव्हतं. ॲडऑन म्हणजे खेळाला जोडायचा छोटा प्रोग्रॅम. खेळणाऱ्यांपैकीच कुणीतरी हौसेने लिहितो आणि फुकट देतो. खेळ बनवणाऱ्या कंपनीनेच त्यासाठी दार उघडं ठेवलेलं असतं. या खेळात काय किंवा वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या अशाच दुसऱ्या ऑनलाइन खेळात काय, ॲडऑन लुआ या भाषेत लिहितात. लढाईत जे घडतं ते सर्व्हरकडून आपल्या लॅपटॉपला कळवलं जातं: अमक्याने अमुक वार सुरू केला, तमक्याला इतकी इजा झाली. खेळ त्यातून चित्र आणि आवाज तयार करतो. ॲडऑन तीच माहिती वाचतो आणि ठळक अक्षरांत समोर ठेवतो. म्हणजे बाणाची बातमी भाच्याच्या लॅपटॉपला आधीच लागलेली होती, फक्त भाच्याला लागलेली नव्हती. ॲडऑनने ती बातमी त्याच्या कानात सांगितली. दोरीबाहेरच्या मैत्रिणीने हेच केलं होतं.

यावर भाच्याशी माझी चांगली तासभर हुज्जत झाली. त्याची बाजू अशी: ॲडऑन फुकट आहे, सगळ्यांसाठी आहे, तूही घाल. शिवाय आपण पुण्यात बसून युरोपच्या सर्व्हरवर खेळतो, तो आहे फ्रँकफर्टला. आपला निरोप तिथे जाऊन परत यायला दीडशे मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. जर्मनीतल्या पोराला वार आधी दिसतो, आपल्याला उशिरा. मग इशाऱ्याने ते अंतर थोडं भरून काढलं तर बिघडलं कुठे?

दुसरा मुद्दा मला मनापासून पटतो. दिसलेल्या गोष्टीवर बोट हलायला माणसाला सुमारे पाव सेकंद लागतो. त्यात निरोपाच्या त्या फेरीचे, म्हणजे पिंगचे, दीडशे मिलिसेकंद मिळवले की सेकंदभराच्या बाणात आमच्या वाट्याला फार काही उरत नाही. हा अन्याय खरा आहे. पण त्याच्यावर हा उपाय चालत नाही, कारण फ्रँकफर्टचा पोरगाही तोच ॲडऑन घालतो. अंतर जिथल्या तिथे राहतं. मार पडतो तो लपून येणाऱ्यावर.

आणि "सगळ्यांसाठी आहे" याने काय होतं, ते खो-खोत बघा. समजा दोन्ही बाजूंच्या प्रेक्षकांनी प्रत्येक हूल ओरडून सांगायची असं ठरलं. दोघांनाही सारखा फायदा, तक्रारीला जागा नाही. पण मग हूल शिकणार कोण? उरेल फक्त पळापळ. सिरोडिलमध्ये सगळ्यांनी असे इशारे लावले तर माझ्यासारखी पात्रं मोडीत निघतील. समानता येईल आणि खेळातली एक कलाच जाईल. मला हे फार मोठं नुकसान वाटतं.

मात्र श्रोतेहो, मी सरसकट सगळ्या इशाऱ्यांच्या विरोधात नाही. याच खेळात बारा जणांनी मिळून खेळायच्या मोहिमा आहेत. तिथे समोर राक्षस असतो, त्याला कंपनीचा कोड चालवतो. तिथे मी स्वतः इशाऱ्याचा ॲडऑन लावते. "आता आग येईल, डावीकडे व्हा" असं तो सांगतो. राक्षसाने माझ्यासाठी तीन आठवडे सराव केलेला नसतो. त्याचं गुपित उघडं पडलं म्हणून कुणाची मेहनत वाया जात नाही. बारा जणांत एक जण रात्रपाळी करून आलेला असतो, एकीचं लक्ष झोपलेल्या बाळाकडे असतं. इशाऱ्यामुळे त्यांनाही सोबत खेळता येतं. माझा हिशेब एवढाच आहे, की गुपित यंत्राचं असेल तर खुशाल फोडा, पण समोरच्या माणसाने कष्टाने कमावलेलं असेल तर त्याला हात लावू नका.

तरी यंत्राच्या बाबतीतही एक गुंता आहे, आणि तो वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या इतिहासात स्वच्छ दिसतो. हा खेळ २००४ साली आला. सुरुवातीला काही ॲडऑन खेळाडूसाठी जवळजवळ स्वतःच निर्णय घ्यायचे. कुणाला उपचार हवा, कोणता मंत्र टाकायचा, हे ते ठरवायचे आणि माणसाने एकच बटण दाबत बसायचं. २००६ च्या अखेरीस कंपनीने ते बंद केलं. २०१० मध्ये एक ॲडऑन जमिनीवरच वर्तुळं आखून दाखवू लागला, इथे उभं राहा, तिथे राहू नका. तोही कंपनीने मोडला. पण पडद्यावर इशारे देणारे राहिले आणि इतके हुशार होत गेले, की वीस जणांच्या मोहिमेत कोणी कुठे पळायचं हेही तेच वाटून देऊ लागले. मग कंपनी राक्षस अधिक अवघड करी, कारण सगळ्यांकडे ॲडऑन आहे हे गृहीतच. राक्षस अवघड झाला की ॲडऑन आणखी हुशार होई. ज्याने ॲडऑन घातला नाही त्याला संघात कुणी घेईना. "ऐच्छिक" हा शब्द नावापुरता उरला.

शेवटी २०२५ मध्ये या कंपनीने, म्हणजे ब्लिझार्डने, जाहीर केलं, की मिडनाइट या नव्या विस्तारापासून लढाईची माहिती ॲडऑनने हवं तर वेगळ्या रंगारूपात दाखवावी, पण ती वाचून त्यावरून निष्कर्ष काढायचा नाही. सोबत राक्षसांच्या वारांचे इशारे खेळातच सगळ्यांना द्यायचं ठरलं. अनेक जुने खेळाडू चिडले. वर्षानुवर्षं घडवलेला पडदा कुणी विस्कटला तर राग येणारच. तरी मला ती दिशा योग्य वाटते. किती इशारा द्यायचा हे नियम लिहिणाऱ्याने ठरवावं आणि मग तो प्रत्येकाला द्यावा. खो-खोत शब्द मोठ्याने उच्चारायचा, तसंच हे.

असा अंगभूत इशारा किती मोलाचा असतो, ते मला आमच्या सोसायटीतल्या एका मुलामुळे समजलं. त्याला ऐकू फार कमी येतं. या खेळांत पावलांचा आवाज, दोरी ताणल्याचा आवाज म्हणजे निम्मी लढाई, आणि ती त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. तो फोर्टनाइट हा गोळीबाराचा खेळ आवडीने खेळतो, कारण आवाज कोणत्या बाजूने आला हे डोळ्यांना दाखवायची सोय त्या खेळाच्या सेटिंगमध्येच आहे. पावलं, गोळ्या, जवळपासची पेटी, सगळ्यांची चिन्हं पडद्यावर गोलाकार उमटतात. ती सोय कुणीही चालू करू शकतं. ज्याला गरज आहे त्याला कुठून काही आणून जोडावं लागत नाही आणि कुणी त्याच्याकडे संशयाने बघत नाही. द एल्डर स्क्रोल्स ऑनलाइनमध्ये कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या खेळयंत्रावर, खेळणाऱ्यांना ॲडऑन २०२५ पर्यंत मिळतच नव्हते. त्यांच्यात कमी ऐकू येणारे असतील, त्यांनी इतकी वर्षं काय केलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

इथे पालकांसाठी थोडं बोलते. तुमची मुलं मोबाइलवर बीजीएमआय हा गोळीबाराचा खेळ खेळत असतील. त्यात असे अधिकृत ॲडऑन नाहीत. भिंतीपलीकडचे खेळाडू दाखवणारी किंवा आपोआप नेम धरणारी फाइल कुणी विकत असेल, तर ती सरळ फसवणूक आहे. खातं बंद होतं ते होतंच, वर अनोळखी माणसाचं ॲप फोनमध्ये शिरतं. माझी वरची सगळी चर्चा त्या फाइलींना लागू नाही.

तर भाचा आणि मी. त्या दिवशी हुज्जत मिटली नाही. पुढच्या रविवारी आला तेव्हा त्याने आपणहून सांगितलं, "मोहिमेला ठेवतो, सिरोडिलमध्ये काढतो. फक्त आपल्या दोघांपुरतं हं, मावशी." मी बरं म्हटलं. बाकीचे शेकडो जण लावूनच आलेले असणार, त्यांच्यासमोर त्याने एकट्याने उघडं का पडावं, हे मलाही कळत होतं.

पुन्हा तोच किल्ला, तोच चढ. मी वाकून चालू लागले आणि माझा डोळा मिटला. शेजारी भाच्याने हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरले. मग एक हात सोडून वर बोट दाखवलं. पंख्याच्या घरघरीत त्याला दोरीचा आवाज ऐकू येत नव्हता. मी उठले, पंखा बंद केला आणि परत येऊन बसले. उकडत होतं. आम्ही दोघंही बोलत नव्हतो. मी दोरी ताणली.

नमस्कार.