'मी कधीच खोटं बोलत नाही': बरोबर की चूक?

(काळा पडदा. एकेक वाक्य उमटतं.)

'मला कधीकधी राग येतो.'
'आजचं काम मी अधूनमधून उद्यावर ढकलतो.'
'वर्तमानपत्रातला प्रत्येक अग्रलेख मी रोज वाचतोच असं नाही.'

बरोबर की चूक?

माणसाचा स्वभाव तपासणाऱ्या चाचण्यांत अशी विधानं असतात. या तिन्हींना 'चूक' म्हणणारा एक तर संत असेल, नाहीतर थापाड्या. अग्रलेखाचं म्हणाल, तर तो रोज वाचणारे संपादकही विरळाच!

१९४३ साली मिनेसोटा विद्यापीठातल्या स्टार्क हॅथवे आणि जे. सी. मॅकिन्ली यांनी मनोरुग्णांसाठी एक चाचणी प्रसिद्ध केली. तिच्या पाचशेहून जास्त विधानांत अशा धर्तीची १५ विधानं पेरलेली होती. आजार तपासायचा तो तपासा, पण उत्तर देणारा स्वतःला किती सोवळा दाखवतोय, तेही बघा. या सापळ्यात भोळाभाबडा माणूस अडकायचा. शिकलेला, चार पावसाळे पाहिलेला अलगद निसटायचा. म्हणून काही वर्षांतच त्याच्यासाठी आणखी बारीक जाळं विणावं लागलं.

(कॉलेजचा कट्टा. गप्पा मारणारी मुलं.)

आणि खोटं बोलायचंच नसेल तर? तरी अडचण आहेच. 'मी टापटीप आहे' हे कुणाच्या मानानं? होस्टेलच्या खोलीत टापटीप ठरलेला मुलगा घरी आईच्या लेखी गबाळाच असतो. मानसशास्त्रज्ञ सिमीन वझीर यांनी २०१० मध्ये दाखवलं, की आतली धाकधूक, चिंता ज्याची त्यालाच नीट कळते. बुद्धी किंवा कल्पकतेचा अंदाज मात्र मित्रांचा जास्त बरोबर निघतो. जिथं आपली प्रतिष्ठा पणाला लागते, तिथं आपला आरसा धूसर होतो.

'पण माझा निकाल तर तंतोतंत जुळला!' हे वाक्य हमखास ऐकू येतं. १९४८ मध्ये अमेरिकेत बर्ट्रम फोरर यांनी आपल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचं 'व्यक्तिचित्र' दिलं. मुलांनी त्याला ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. सगळ्यांच्या हातात मजकूर एकच होता, आणि त्यातला बराचसा ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला.

माणसांचे १६ साचे पाडून प्रत्येकाला चार अक्षरं चिकटवणारी मायर्स-ब्रिग्ज चाचणी (एमबीटीआय) कंपन्यांची लाडकी आहे. काठावरच्या माणसाला ती बळेच अलीकडे नाहीतर पलीकडे ढकलते, त्यामुळे काही आठवड्यांनी पुन्हा दिली की अनेकांचं एखादं अक्षर बदलतं. साचे न पाडता स्वभावाचे पाच पैलू कमी-जास्त अशा पट्टीवर मोजणाऱ्या 'बिग फाइव्ह' चाचण्या मला बऱ्या वाटतात. त्यांचे निकाल वर्षानुवर्षं फारसे हलत नाहीत. त्या पाचांतल्या काटेकोरपणाचा संबंध तर कामगिरीशी आणि आयुर्मानाशीही दिसतो. संबंध माफक आहे, पण आहे. मात्र उत्तरावर नोकरी अवलंबून असली, की सगळेच अचानक काटेकोर होतात.

(मैदान. दोरीवर चढणारी मुलं.)

सैन्यदलाच्या एसएसबीत, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या परीक्षेत, उमेदवाराला लिहावं लागतं: आईवडील, शिक्षक, मित्र तुमच्याबद्दल काय म्हणतात, आणि तुमचं स्वतःचं मत काय? पुण्या-नाशकातले क्लास याचीही तयारी करून घेतात. पण निवड नुसत्या त्या कागदावर होत नाही. मानसशास्त्रज्ञ लेखन वाचतो, दुसरा अधिकारी मुलाखत घेतो, तिसरा मैदानावर वागणं बघतो. मनसा, वाचा, कर्मणा. तिघं आपापले गुण स्वतंत्रपणे देतात आणि शेवटच्या दिवशीच एकत्र बसतात.