दोरीला बांधलेला नंदी

(सकाळ. सारवलेलं अंगण. ओट्यावर चाकांचा लाकडी नंदी.)

पोळा होऊन चार दिवस झाले. झुली घड्या घालून ठेवल्या, बैल कामाला लागले. पोरांच्या तान्ह्या पोळ्याचा नंदी मात्र अजून ओट्यावरच आहे. वर्धा जिल्ह्यातल्या या घरात त्याचा धनी अजून दोन वर्षांचाही नाही. नंदी घेऊन घरोघर फिरून मिळालेला बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, आजीनं ठेवून घेतला. दोरी काही त्यानं कुणाला दिली नाही.

आई निंदणाला निघाली तेव्हा पोरगं रडलं. आजी म्हणाली, "उगी राय बाप्पा, माय वावरात गेली. सांजी येईन."

मग ते गप्प झालं आणि खेळायला लागलं. हा खेळ नीट बघा. नंदी ओट्यावरून खाली ढकलायचा. "भुर्र!" नंदी दिसेनासा. दोरी हातात ताणलेली. जरा वेळानं दोरी ओढायची, ओट्याच्या कडेवर आधी शिंगं दिसतात, मग वशिंड. "आऽऽली!"

नंदी 'आला' म्हणायला हवं. पोरगं 'आली' म्हणतंय.

(दोरीवरची मूठ, जवळून.)

असाच खेळ मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइडनं पहिल्या महायुद्धाच्या काळात पाहिला होता. मुलगा दीड वर्षाचा, त्याच्याच मुलीचा. त्याच्याकडे दोरा बांधलेलं लाकडी रीळ होतं. पडदा लावलेल्या खाटल्यात तो ते फेकायचा आणि लांबलचक "ओऽऽ" करायचा. ओढून बाहेर काढलं की खूश होऊन "दा". आईला आणि आजोबाला, दोघांनाही वाटलं की "ओ" म्हणजे 'फोर्ट'. जर्मन भाषेत 'गेलं'. आणि 'दा' म्हणजे 'हे बघ, इथं'.

फ्रॉइड तोवर सांगत आला होता की मन सुखाकडे धावतं, दुःख टाळतं. मग आई जाण्याचा नकोसा प्रसंग हे लेकरू पुन्हा पुन्हा का खेळतं? बरं, रीळ फेकण्याचा अर्धा खेळच ते जास्त वेळा खेळायचं, परत आणण्याचा कमी. १९२० साली छापलेल्या पुस्तकात त्यानं दोन शक्यता मांडल्या. आई जाते तेव्हा पोराच्या हातात काही नसतं. खेळात मात्र जाणं-येणं त्याच्या हुकमावर चालतं. दुसरी शक्यता जरा झोंबणारी आहे. हा सूड असेल. 'जा, मलाच नको तू. मीच तुला घालवतो.'

मला फ्रॉइड इथं सगळ्यात जास्त पटतो. व्हिएन्नातल्या त्या प्रसिद्ध कोचामागे बसलेला डॉक्टर नाही, नातवाचा खेळ बघत बसलेला आजोबा. मुखावस्था, गुदावस्था, लिंगावस्था या मुलाच्या वाढीच्या त्याच्या पायऱ्या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पाठ असतात, त्या इथं मोजत नाही. पण त्याचा तो आई-बाप-मूल असा त्रिकोण, ज्यात मुलाला आई हवी असते आणि बाप आड येतो, या घरात मांडून बघा. आजी आहे, दोन काकवा आहेत, रात्री पोरगं कुणाच्या कुशीत झोपेल याचा नेम नाही. त्रिकोणाचे कोपरे धरायचे कुठले?

ही शंका आपल्याकडे फार आधी निघाली. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये कलकत्त्यात भारतीय मनोविश्लेषण संस्था उभी केली. फ्रॉइडशी त्यांचा पत्रव्यवहार होता. बाप लिंग कापून टाकेल या ज्या भीतीवर त्या त्रिकोणाची सगळी मांडणी उभी, ती आपल्या भारतीय रुग्णांत तेवढी ठळक दिसत नाही, असं त्यांनी थेट त्यालाच कळवलं.

(अंगणात थोरला भाऊ टायर पळवतोय.)

हा थोरला, पाच वर्षांचा. धाकट्याच्या जन्मापासून रोज ऐकतो, "तू आता मोठा झाला न!" अशा मुलाला फ्रॉइडचा एकेकाळचा सहकारी आल्फ्रेड आडलरनं राज्य गेलेला राजा म्हटलं. आडलर १८७० चा, व्हिएन्नाच्या वेशीवरच्या वस्तीतला. लहानपणी त्याला मुडदूस होता. थोरला भाऊ हुंदडायचा आणि हा बसून बघायचा. माणूस आपल्या उणेपणाची भरपाई करत वाढतो, हा त्याचा विचार तिथून आला असं म्हणतात. १९११ मध्ये तो फ्रॉइडपासून फुटला. गंमत म्हणजे त्या थोरल्या भावाचं नावही सिग्मंडच होतं. थोरला, मधला, शेंडेफळ यांचे स्वभाव तो सांगतो ते आपल्या घरात लगेच पटतात. फार पटतात म्हणूनच जपून राहावं. पुढच्या मोठ्या अभ्यासांत जन्मक्रमाचा स्वभावावरचा परिणाम अगदीच किरकोळ निघाला.

धाकट्याच्या दोरीकडे परत येऊ. एरिक एरिक्सन या मनोविश्लेषकानं १९५० मध्ये माणसाच्या वाढीचे आठ टप्पे मांडले. पहिला टप्पा विश्वासाचा. आई नजरेआड झाली तरी फार न घाबरता, फार न चिडता तिला जाऊ देणं ही बाळाची पहिली सामाजिक कमाई, असं तो म्हणतो. आयाबायांना यात नवं काही वाटणार नाही. निंदणाच्या दिवसांत ही कमाई रोज करावी लागते.

(संध्याकाळ. पाणंदीतून बाया परततायत.)

आई आली. खुरपं कुडाला खोचलं, पाय धुतले, हात पुढे केले. "ये."

पोरगं उठलं नाही. तिच्याकडे पाठ केली, नंदी उचलला आणि ओट्यावरून खाली ढकलला.

"भुर्र."

दोरी मुठीतच होती. आई उंबऱ्यावर टेकली आणि वाट बघत बसली.